पाण्यांतील कान आणि कागदावरील आंकडे

ह्या लेखाचा विषय ऐकून आमच्या कित्येक बालवाचकांस हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. नांदेडास गोदावरी आहे, लातुराजवळ मांजरा आहे. पण आमच्या ह्या नद्यांत डॉल्फिन नाहींत, आणि समुद्र तर लातुरापासून साडेतीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. मग डॉल्फिनांची चाहूल घेणाऱ्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्यें दुरुस्ती झाली काय नि न झाली काय, मराठवाड्यांतील मुलांना व त्यांच्या आईबापांना त्याचें काय होय, असा प्रश्न कोणीहि विचारील. प्रश्न रास्त आहे. माझें उत्तर असें कीं, हा विषय वरकरणी जलचरांचा असला तरी मुळांत हिशोबाचा आहे, आणि हिशोबाच्या बाबतींत आमच्या भागाला कोंकणास सांगण्याजोगें थोडेंबहुत आहे.

प्रथम हे प्राणी कसे मोजतात तें पाहूं. डॉल्फिन व त्याचा धाकटा भाऊबंद पॉर्पॉइज हे मासे नव्हत. ते सस्तन प्राणी होत, व श्वासासाठीं त्यांना पाण्याबाहेर डोकें काढावें लागतें. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन पुष्कळ दिसतो. तिकडील मच्छिमार त्याला गादा म्हणतात. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यांत पाठीवर पर नसलेला एक पॉर्पॉइजहि राहतो. पण तो उड्या मारीत नाहीं. क्षणभर काळसर पाठ दाखवितो आणि नाहींसा होतो. होडींत बसून त्याची गणती करणें म्हणजे आषाढांतल्या अंधाऱ्या रात्रीं शिवारांतल्या म्हशी मोजण्यासारखें आहे. बरें, पाणीहि गढूळ. म्हणून हे प्राणी स्वतःच डोळ्यांपेक्षां कानांवर अधिक विसंबतात. बारीक टिचक्यांसारखा आवाज सोडतात व परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य कोठें आहे तें ओळखतात. पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,५०० मीटर जातो, म्हणजे हवेंतल्यापेक्षां चौपटीहून अधिक वेगानें. माणसाचा कान सेकंदास फार तर २०,००० कंपनांचा ध्वनि ऐकतो. ह्या पॉर्पॉइजच्या टिचकीचीं कंपनें सव्वा लाखाच्या घरांत असतात. तो आमच्या होडीखालीं अखंड बोलत असला तरी आम्हांस समुद्र मुकाच वाटणार!

ह्यासाठीं शास्त्रज्ञांनीं पाण्यांत बुडवून ठेवण्याचा कान, म्हणजे हायड्रोफोन, उपयोगांत आणिला. इंग्लंडांत तयार झालेलें सी-पॉड नांवाचें नळकांड्यासारखें यंत्र समुद्रांत दोरास बांधून महिनेन् महिने ठेवतां येतें. परंतु नुसतें ऐकून भागत नाहीं. पाण्याखालीं गलका फार. कोळंबीच्या जातीचे लहान प्राणी नांगी वाजवून सारखी तडतड करीत असतात, प्रवाहाबरोबर वाळू घासते, आणि होड्यांवरील खोली मोजणारीं यंत्रें तर स्वतःच टिचक्या मारतात. ह्या सर्व गलक्यांतून ‘ही टिचकी पॉर्पॉइजची, ही डॉल्फिनची, आणि ही दोघांचीहि नव्हे’ असा निवाडा करण्याचें काम सॉफ्टवेअरचें. येथेंच आमच्या विषयाची गांठ आहे. कारण निवाडा करणारा बदलला कीं निवाडेहि बदलतात.

आणि तो वरचेवर बदलतो. स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज विद्यापीठांत वाढलेलें पॅमगार्ड हें ह्या कामाचें सॉफ्टवेअर कोणासहि फुकट मिळतें. त्याच्या नव्या आवृत्त्या एकामागून एक निघत असतात. सी-पॉडच्या जागीं आतां एफ-पॉड नांवाचें यंत्र आलें आहे, व त्याचा निवाडा करणारें सॉफ्टवेअरहि निराळें आहे. दोन्हीं यंत्रें शेजारीं शेजारीं ठेवून तुलना केली, तेव्हां नव्या यंत्राच्या वहींत पॉर्पॉइजच्या नोंदी अधिक निघाल्या. प्राणी तेच, पाणी तेंच, दिवसहि तेच. कान तेवढा तीक्ष्ण झाला. आतां अशी कल्पना करा कीं, एका खाडींत पांच वर्षें जुनें यंत्र होतें, सहाव्या वर्षीं नवें बसविलें, आणि ही गोष्ट वहींत लिहावयाची राहून गेली. दहा वर्षांनीं ती वही उघडणारा गृहस्थ म्हणेल, ‘वाहवा, प्राणी वाढले, आतां चिंता नको.’ प्रत्यक्षांत ते घटत असले तरी त्याला कळणार कसें?

आमच्या भागांतील वडील मंडळींना ही अडचण नवी नाहीं. निजामाच्या राज्यांत हाली सिक्का चाले, आणि शेजारच्या इंग्रजी मुलुखांत कलदार रुपया. सात हाली रुपये म्हणजे सुमारें सहा कलदार, असा भाव असे. आमच्या घरीं आजोबांच्या दुकानाची एक जुनी वही आहे. तींत प्रत्येक रकमेपुढें ‘हा’ किंवा ‘क’ असें एकेक अक्षर घातलेलें आहे. लहानपणीं मला त्या अक्षरांचें मोठें नवल वाटे. एवढी शाई फुकट कां घालविली, असें मीं एकदां विचारलेंहि होतें. आजोबा एवढेंच म्हणाले, “अरे, अक्षर नसतें तर सातशें द्यावयाचे कीं सहाशें, ह्यावर भाऊबंदकी झाली असती.” १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें, पुढें तो सिक्काहि चलनांतून गेला, पण त्या वहीतील रकमा आजहि वाचतां येतात, त्या एका अक्षराच्या जोरावर. लातूरकरांना ह्याहून दुःखद उदाहरण आठवेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचा आंकडा कोठें ६.२ तर कोठें ६.४ असा छापलेला आढळतो. धरणी एकदांच हालली. मोजण्याच्या रीती मात्र एकाहून अधिक आहेत. कोणती रीत हें सांगितल्यावांचून नुसता आंकडा सांगणें अपुरें आहे.

रीत न बदलतां चिकाटीनें मोजल्यास काय साधतें, ह्याचा दाखला मेक्सिको देशांत आहे. तेथील कॅलिफोर्नियाच्या आखातांत वाकीता नांवाचा अगदीं लहान पॉर्पॉइज राहतो. जगांत दुसरीकडे तो कोठेंहि नाहीं. मासळीसाठीं लावलेल्या जाळ्यांत अडकून तो मरतो. २०११ पासून तेथें ४६ ठिकाणीं सी-पॉड ठेवून दरसाल त्याच ठिकाणीं, त्याच यंत्रांनीं ऐकण्याचा क्रम चालला. २०१५ पर्यंतच्या नोंदींवरून त्यांची संख्या दर वर्षीं सरासरी ३४ टक्क्यांनीं घटत असल्याचें सिद्ध झालें. यंत्र मध्येंच बदललें असतें, तर जाळींवाले व सरकार दोघेहि ‘हा यंत्राचा दोष’ म्हणून मोकळे झाले असते. आंकडा पक्का होता म्हणून निदान तसें म्हणण्यास जागा उरली नाहीं. तरी प्राणी वांचले असें मात्र नव्हे. २०२४ च्या पाहणींत अवघे ६ ते ८ वाकीता असल्याचा अंदाज निघाला. नुसत्या हिशोबानें कोणी वांचत नसतो, हेंहि येथें कबूल केलें पाहिजे.

मग काय, जुनेंच यंत्र व जुनेंच सॉफ्टवेअर धरून बसावें? असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. तीक्ष्ण कान मिळत असतां बहिरेपणा पत्करणें हा शहाणपणा नव्हे, आणि नव्या आवृत्तींत जुन्या चुका निघतात हेंहि खरें. माझा आक्षेप गुपचूप बदलण्याला आहे. नवें यंत्र बसवावयाचें तर कांहीं काळ जुनें व नवें शेजारीं ठेवावें, म्हणजे हाली-कलदारासारखा भाव ठरवितां येईल. प्रत्येक नोंदीपुढें सॉफ्टवेअरची आवृत्ति लिहावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मूळ ध्वनि फेकूं नये, कारण तो असल्यास नवें सॉफ्टवेअर जुन्या वर्षांवर पुन्हा चालवितां येतें. हें सांगणें सोपें; करणें खर्चाचें. इतका उंच ध्वनि टिपावयाचा तर सेकंदास ३,८४,००० नमुने घ्यावे लागतात, व एका दिवसाचा सांठा सुमारें ६६ जीबी होतो. म्हणूनच सी-पॉड सगळा ध्वनि सांठवीत नाहीं. प्रत्येक टिचकीची वेळ, उंची, लांबी, जोर एवढेंच टिपून ठेवितो. ज्यांनीं तो वापरला त्यांना दोष देववत नाहीं. परंतु जें त्या कानानें टिपलेंच नाहीं, तें पुढील कोणतीहि दुरुस्ती परत आणूं शकत नाहीं.

आपल्या देशांत हें काम आतां कोठें मूळ धरीत आहे. गंगेच्या डॉल्फिनाला, म्हणजे सूसेला, जवळजवळ दिसतच नाहीं; ती ध्वनीवरच जगते. २०२१ ते २०२३ ह्या काळांत झालेल्या पाहणींत, डोळ्यांनीं पाहून व पाण्यांत कान लावून, ६,३२७ नदी-डॉल्फिन असल्याचा अंदाज काढण्यांत आला, व तो २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. हा पहिलाच आंकडा. त्याची खरी कसोटी दुसऱ्या मोजणीच्या वेळीं लागेल. इकडे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर टिपलेल्या कुबडवाल्या डॉल्फिनांच्या शिट्यांचें वर्णन व वर्गीकरण ईशा बोपर्डीकर व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलें. तें काम मला विशेष मोलाचें वाटतें. कारण परदेशांतील प्राण्यांच्या आवाजावर शिकविलेलें सॉफ्टवेअर आमच्या समुद्रांत तसेंच लागू पडेल असें गृहीत धरतां येत नाहीं. गादे जाळीं फाडतात ही तेथील मच्छिमारांची तक्रार आहे. डॉल्फिन कमी झाले म्हणून जाळ्यांवर निर्बंध आले, तर त्याच मच्छिमारांच्या चुलीवर ते येणार. ज्या आंकड्यावर एका बाजूला प्राण्याचा जीव व दुसऱ्या बाजूला माणसाची भाकरी टांगलेली, तो कोणत्या कानानें ऐकून काढला हें विचारण्याचा हक्क मच्छिमारालाहि आहे.

राहतां राहिला आमच्या मुलांचा प्रश्न. लातुरांत शिकणाऱ्या पुष्कळ मुलांचें लक्ष डॉक्टर व इंजिनियर होण्याकडे असतें, नि पालकांचें त्याहूनहि अधिक. त्याबद्दल येथें भांडत नाहीं. त्यांतून जे संगणकाकडे वळतील, त्यांना एवढें सांगावेंसें वाटतें कीं पॅमगार्डची मांडणी उघडी आहे. नांदेडांत बसूनहि ती वाचतां येते, व चूक दिसल्यास कळवितां येते. नव्या आवृत्तीबरोबर काय बदललें ह्याची यादीहि निघते. बहुतेक लोक ती न वाचतांच बटन दाबतात.