चंद्रावरचे घड्याळ आणि वेगळे टेबल

ओमेगा कंपनीचे ‘स्पीडमास्टर’ हे क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेले मनगटी घड्याळ, १९५७ साली मोटार शर्यतींसाठी बाजारात आले. कडक चाचण्या घेऊन नासाने १ मार्च १९६५ रोजी अंतराळवीरांसाठी त्याला मान्यता दिली आणि १९६९ च्या जुलैत ते बझ ऑल्ड्रिनच्या मनगटावर चंद्रावर पोहोचले. तेव्हापासून त्याच्या ‘मर्यादित आवृत्त्या’ निघत आहेत आणि जगभरचे संग्राहक त्यांच्यावर तुटून पडत आहेत.

घड्याळाशी आमचे भांडण नाही. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ चा प्राणवायूचा टाका फुटला. वीज वाचवण्यासाठी यानातली उपकरणे बंद ठेवावी लागली, तेव्हा मार्ग सुधारण्यासाठी इंजिन नेमके १४ सेकंद चालवायचे होते. ते सेकंद याच घड्याळावर मोजले गेले. हे विज्ञान आहे, त्याला आमचा सलाम. आणि चांगली वस्तू वापरूच नये हा उपदेश तर आम्ही मुळीच करणार नाही. बाबासाहेबांच्या सुटावर आणि पेनांवर नाके मुरडणारे कमी नव्हते.

आमचा प्रश्न त्या कोरलेल्या क्रमांकाला आहे. १९६९ च्या सोन्याच्या आवृत्तीत १०१४ घड्याळे होती. क्रमांक १ राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी, क्रमांक २ उपराष्ट्राध्यक्षांसाठी, ३ ते २८ अंतराळवीरांसाठी. (निक्सन यांनी भेट फार महागडी म्हणून नाकारली, ते सोडा.) पुढे २०१५ मध्ये अपोलो-१३ च्या स्मरणार्थ १९७० घड्याळे काढली आणि थांबले. कारखान्याला जास्त बनवता येत नव्हती म्हणून नव्हे. इतरांकडे नसणे हीच इथे विकायची वस्तू आहे. जातीशी आम्ही याची बरोबरी करत नाही. घड्याळ पैसे टाकून मिळते, जात बदलून मिळत नाही. पण दुसऱ्याच्या नसण्यावर आपली प्रतिष्ठा उभी करण्याची ही रीत आपल्याला चांगली ओळखीची आहे.

आता त्या यादीत कोण बसत नव्हते ते पाहा. त्या वेळच्या नासाच्या अंतराळवीरांत एकही कृष्णवर्णीय नव्हता, एकही स्त्री नव्हती. पण गणित कोण करत होते? व्हर्जिनियातल्या लँगली प्रयोगशाळेत कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रियांचा वेगळा विभाग होता. जेवणाच्या खोलीत त्यांचे टेबल वेगळे आणि त्यावर ‘कलर्ड कॉम्प्युटर्स’ अशी पाटी. मिरियम मान ती पाटी उचलून पर्समध्ये टाकत, पुन्हा नवी पाटी येई, त्या पुन्हा उचलत. शेवटी पाटी यायची थांबली. बडोद्याच्या कचेरीत बाबासाहेबांच्या टेबलावर फायली लांबून टाकल्या जात, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना ही पाटी समजावून सांगायला नको. त्याच लँगलीत १९५३ साली आलेल्या कॅथरीन जॉन्सन यांनी १९६२ मध्ये जॉन ग्लेनच्या उड्डाणाचे आकडे हाताने तपासले. यंत्राने काढलेल्या आकड्यांवर ग्लेनचा विश्वास नव्हता, या बाईंच्या तपासणीवर होता. राष्ट्राध्यक्षांकडून त्यांचा सन्मान झाला तो २०१५ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

अपोलो-११ उडण्याच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ ला, रेव्हरंड राल्फ ॲबरनथी गरीब कुटुंबे आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीला गेले. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. ॲबरनथींनी उड्डाण थांबवा म्हटले नाही. त्यांचा सवाल देशाच्या अग्रक्रमाचा होता. ‘गरिबी आहे तर चांद्रयान कशाला’ आणि ‘यान उडाले, आता गरिबीचे बोलू नका’ या दोन्ही तोंडांना आपण हल्ली उत्तरे देत बसतो. ॲबरनथींनी दोन्हीपैकी काहीच म्हटले नव्हते.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डु बॉईस यांना पत्र लिहून तिथल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. तेव्हा ही गोष्ट परक्यांची म्हणून बाजूला ठेवता येत नाही. पुढच्या अभ्यासवर्गात आम्ही लँगलीच्या स्त्रियांवर बोलणार आहोत. ज्या मित्राने पहिल्या पगारातून भारी घड्याळ घेतले आहे, त्याने ते घालूनच यावे.