चाळीस दिवसांची तयारी, सहा-सात वर्षांची नाही

हजला निघालेल्या माणसाची तयारी बघण्यासारखी असते. मंगरुळपीर, कारंजा, रिसोड, वाशीम, गाव कुठलंही असो. यादीत नंबर लागला की प्रशिक्षण शिबिराचा निरोप येतो. शिबिरात काबागृहाची लहानशी प्रतिकृती मांडून तवाफ, म्हणजे प्रदक्षिणा, करून दाखवतात. एहरामच्या दोन न शिवलेल्या चादरी अंगावर कशा घ्यायच्या, मक्केजवळच्या मीनाच्या हजारो सारख्या तंबूंत आपला कसा ओळखायचा, चुकामूक झाली तर कुणाला गाठायचं, बॅगेत काय न्यायचं नाही, सगळं सांगितलं जातं. सरकारी दवाखान्यात मेंदूज्वराची लस टोचली जाते, पोलिओचे थेंब पाजले जातात. मनगटात ओळख-क्रमांक कोरलेलं स्टीलचं कडं येतं. ज्या बाईने आयुष्यात नागपूरपलीकडे पाऊल टाकलेलं नसतं, तीही विमानात बसते तेव्हा पुढच्या चाळीसेक दिवसांचा क्रम तिला तोंडपाठ असतो.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. 1995 पर्यंत मुंबईहून जेद्दाला जहाजं जात. त्या काळी कारंज्याचा यात्रेकरू शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळावरून मूर्तिजापूर गाठायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबई, आणि मग जहाज लागेपर्यंत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम. तिथे आधी जाऊन आलेले हाजी नव्यांना चार गोष्टी सांगत. आजचं शिबिर हे त्या ओसरीवरच्या गप्पांचंच सरकारी रूप. 2018 पासून बायकांना मेहरमशिवाय, म्हणजे नवरा किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाशिवाय, गटाने जाण्याची मुभा मिळाली. 2023 मध्ये तशा 4 हजारांहून जास्त बायका देशभरातून गेल्या. त्यांच्या धाडसामागे ही पाठ केलेली तयारी होती, हे विसरून चालणार नाही.

तयारीची आणि व्यवस्थेची किंमत 2024 च्या हजने दाखवली. मक्केच्या मशिदीच्या आवारात पारा 51.8 अंशांवर गेला. वऱ्हाडातल्या माणसाला 45-46 अंश नवे नाहीत, पण पन्नाशीपलीकडचं ऊन आणि त्यात मैलोन्‌मैल चालणं हे वेगळंच प्रकरण. त्या वर्षी 1,301 माणसं दगावल्याचं सौदी सरकारने जाहीर केलं, आणि त्यांतली 83 टक्के विनापरवाना आलेली होती असंही सांगितलं. म्हणजे ज्यांच्या वाट्याला वातानुकूलित तंबू नव्हता, बस नव्हती, नोंद नव्हती, ती माणसं जास्त गेली.

आता दुसरा प्रवासी घेऊ. दहावी न झालेला, गवंडीकाम किंवा वेल्डिंग येणारा मुलगा आखाती देशात निघतो. त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा, म्हणजे परदेशी जाण्याआधी तपासणी आवश्यक असल्याचा, शिक्का असतो. त्यामुळे 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे त्याला सरकारी परवानगी लागते, नोंदणीकृत दलालाकडून किंवा थेट नोंदणीकृत मालकाकडेच जावं लागतं, 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो, आणि निघण्यापूर्वीच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाचीही सोय आहे. कागदावरचं सगळं प्रत्यक्षात उतरतंच असं नाही. ‘आझाद व्हिसा’ नावाचं मृगजळ विकणारे अजून गावोगाव फिरतात, आणि तिकडे पोचल्यावर इकामा (राहण्याचा परवाना) काढून देणारा कफीलच (प्रायोजक मालक) सापडत नाही, हे रडगाणं जुनंच आहे. तरी निदान कायद्याने या मुलाकडे पाहिलेलं आहे.

तिसरा प्रवासी मात्र कुणाच्याच नजरेत येत नाही. तो बारावी झालेला असतो, त्यामुळे त्याच्या पासपोर्टला तो शिक्का लागत नाही. तो ना हाजी, ना मजूर. तो विद्यार्थी असतो, आणि तिघांत सगळ्यांत जास्त काळ राहायला तोच निघालेला असतो.

वैद्यकीय शिक्षणासाठी इजिप्तला जाणारी मुलं ही या तिसऱ्या प्रवाशाचं ताजं रूप. 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, आपली हजारो मुलं अभ्यास अर्धवट टाकून परतली, आणि परदेशी एमबीबीएसच्या बाजाराला नवे देश शोधावे लागले. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान यांच्या रांगेत कैरो, अलेक्झांड्रिया, मन्सूरा ही नावं आली. गरज खरी आहे. 2024 च्या नीटला 23 लाखांवर मुलं बसली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा सव्वा लाखाच्या आत होत्या. त्यांतल्या खासगी महाविद्यालयांची फी शेतकऱ्याने ऐकू नये अशी. अशा वेळी पिरॅमिडचा फोटो छापलेलं माहितीपत्रक हातात आलं, तर सोयाबीन-तुरीच्या हिशेबात अडकलेल्या बापाचे डोळे तिथे थबकणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

इजिप्त हा काही ऐरागैरा पर्यायही नाही. कैरोच्या कस्र अल-ऐनी वैद्यकीय शाळेची सुरुवात 1827 मध्ये झाली, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या 18 वर्षं आधी. ती काढली आंतोआन क्लो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने, मुहम्मद अली पाशाच्या हुकमाने. तेव्हाची गंमत अशी की परके होते ते शिक्षक. विद्यार्थी अरबी बोलणारे, मास्तर फ्रेंच आणि इटालियन; वर्गात मधे दुभाषे उभे राहात आणि वाक्यावाक्याचं भाषांतर करीत. क्लोने पुस्तकं अरबीत उतरवून घेण्याचा उद्योगच मांडला. शरीरविच्छेदनाला तर इतका विरोध झाला की एका विद्यार्थ्याने त्याच्यावर खंजीर चालवला. तरीही शाळा टिकली, कारण भाषेची अडचण आहे हे तिने पहिल्या दिवशी मान्य केलं होतं.

आज तीच अडचण उलट्या दिशेने येते, आणि ती कुणी मान्य करत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना शिकवणं इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. पहिली दोन-तीन वर्षं निभावून जातात. मग वॉर्ड सुरू होतो, आणि खाटेवरची म्हातारी इंग्रजी बोलत नाही. ती बोलते कैरोची रोजची अरबी, जी पुस्तकातल्या अरबीपासून बरीच लांब आहे. बाहेरच्या राज्यातून वाशीमला शिकायला आलेल्या मुलासमोर एखादी आजी ‘पोटात मुरडा येऊन राह्यला’ म्हणाली, तर तो जसा गोंधळेल, तसाच हा मुलगा तिकडे गोंधळतो. फरक एवढाच की इथे शेजारी उभी असलेली सिस्टर त्याला हिंदीत सांगेल. तिकडे प्रत्येक वेळी स्थानिक मित्राच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि त्यालाही त्याचे रुग्ण असतात.

मुस्लिम घरांत एक समजूत असते, की आपल्या मुलाला हे जड जाणार नाही, तो लहानपणापासून कुराण वाचतो. पण मकतबमध्ये शिकवतात ते पठण. अक्षरं लावता येतात, उच्चार शुद्ध असतात, अर्थ मात्र उर्दूतून सांगितलेला असतो. कैरोच्या भाजीवाल्यापुढे ते पठण उपयोगी पडत नाही. तिथे ‘ज’चा ‘ग’ होतो, प्रश्नार्थक शब्द वेगळे, क्रियापदांची रूपं वेगळी. पाटीवरची अक्षरं वाचता येतात हा फायदा खरा. त्यापुढे मंगरुळपीरचा मुस्लिम मुलगा आणि कारंज्याचा जैन मुलगा जवळजवळ एकाच रेषेवर उभे असतात.

कारंज्याच्या मुलाची काळजी घरचे करतात ती वेगळ्या कारणाने, जेवणाच्या. खरं तर ती काळजी इजिप्तमध्ये सगळ्यांत लवकर मिटते. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे आणि वर तळलेला कांदा घातलेली कोशरी हे तिथलं गरिबाचं पोटभरीचं अन्न आहे, आणि त्यात मांस नसतं. कांदा न खाणाऱ्याला तो वगळून मागावा लागेल, एवढंच. बाकल्याचा फूल आणि बाकल्याचेच तळलेले वडे, ताअमिया, सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. शिवाय इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपास पाळतात. त्या उपासाच्या जेवणाला ‘सियामी’ म्हणतात, आणि ते मागितलं की दूध-अंड्याशिवायचं ताट समोर येतं. हा एक शब्द माहीत असलेल्या शाकाहारी मुलाचं पहिलं वर्ष किती सोपं जाईल! पण माहितीपत्रकात ‘इंडियन मेस उपलब्ध’ असं लिहिलेलं असतं आणि विषय तिथेच संपतो.

बाकीचं जगणं तसं अवघड नाही. हिंदी सिनेमामुळे भारतीय माणसाचं स्वागत होतं. अमिताभ बच्चनचं नाव टॅक्सीवालाही घेतो. आठवड्याची सुटी शुक्रवार-शनिवारची. रमजानमध्ये सगळ्या शहराचं घड्याळ रात्रीकडे सरकतं. 1987 मध्ये सुरू झालेल्या कैरो मेट्रोत बायकांचे डबे वेगळे आहेत, हे मुलींच्या आईवडिलांना आधी कळलं तर त्यांची झोप थोडी बरी लागेल. संग्रहालयांत परदेशी माणसाला तिकीट कित्येक पट महाग, पण विद्यार्थ्याचं ओळखपत्र दाखवलं की सवलत मिळते. मीना प्रभूंचं ‘इजिप्तायन’ मराठीत आहे. जाणाऱ्या मुलाने ते वाचावं, फक्त ते प्रवाशाचं पुस्तक आहे आणि आपल्याला तिथे भाडेकरू म्हणून राहायचं आहे हे लक्षात ठेवून.

पैशाचा हिशेब मात्र नीट बघायला हवा. मार्च 2024 मध्ये इजिप्तच्या पौंडाची किंमत घसरली. डॉलरला 31 च्या आसपास असलेला पौंड पन्नाशीकडे गेला. त्यामुळे राहणं-खाणं बाहेरच्याला स्वस्त झालं, हे दलाल हौसेने सांगतात. परदेशी विद्यार्थ्याची फी डॉलरमध्ये असते आणि रुपया डॉलरपुढे वर्षानुवर्षं घसरतोच आहे, हे ते सांगत नाहीत. पहिल्या वर्षाची फी गुणिले वर्षं असा सरळ गुणाकार करून कर्ज काढणारा बाप चौथ्या वर्षी अडचणीत येणार, हे उघड आहे.

आणि परत येण्याचे नियम. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर 2021 च्या नियमावलीप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, त्या देशात तिथल्या नागरिकाइतकाच व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता हवी, आणि प्रवेशापासून दहा वर्षांत सगळं संपायला हवं. भारतात आल्यावर पुन्हा परीक्षा आणि पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप. इजिप्तने आपला अभ्यासक्रम आता पाच वर्षं शिक्षण आणि दोन वर्षं रुग्णालयातलं प्रशिक्षण असा बेतला आहे. ही दोन वर्षं कुठे, कोणत्या दर्जाने, कोणत्या कागदावर होणार, हा प्रश्न प्रवेशाच्या आधी विचारायचा आहे, पाचव्या वर्षी नव्हे. जून 2024 च्या परदेशी पदवीधरांच्या परीक्षेत पाचांतला जेमतेम एक उत्तीर्ण झाला. वॉर्डात रुग्णाशी न बोलता काढलेली वर्षं त्या निकालात कुठेतरी असणारच.

यावर कुणी म्हणेल, आता वाशीमलाच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, बाहेर जायचंच कशाला? ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकदम दहा महाविद्यालयं सुरू झाली, त्यांत वाशीम आहे, शेजारचं हिंगोली, बुलडाणा, अमरावतीही आहे. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या वाशीमसाठी ही मोठी गोष्ट. पण त्या जागा सगळ्या राज्यासाठी आणि काही देशासाठी आहेत. जिल्ह्यातली मुलं बाहेर जात राहणार. काही कैरोला, काही कतारमधल्या दोह्याला, जिथे पुणे विद्यापीठाने 2021 पासून आपली शाखा चालवली आहे. दोह्यात अभ्यासक्रम आपला असतो. अरबीचा एक शब्द न शिकता पदवी घेता येते. वैद्यकीय विद्यार्थ्याला ती चैन परवडणारी नाही.

म्हणून मागणी साधी आहे. हजचं शिबिर भरवण्याचा अनुभव जिल्ह्यांना आहे, माणसं आहेत, सभागृहं आहेत. जिल्हा प्रशासनाने आणि नव्या वैद्यकीय महाविद्यालयाने मिळून परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी तसंच शिबिर भरवावं. त्यात आयोगाचे नियम मराठीत समजावून सांगावेत, कैरोच्या भारतीय दूतावासाकडे नोंदणी कशी करायची ते दाखवावं. रुग्णाला विचारायची शे-सव्वाशे वाक्यं इजिप्तच्या बोलीत शिकवावीत: कुठे दुखतं, कधीपासून, ताप होता का, कोणती औषधं चालू आहेत. शिकवायला जाऊन आलेली मुलं आहेत. परदेशी पदवी घेऊन सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करणाऱ्यांना एक दुपार मोकळी द्यावी. दलालांनाही बोलवावं, पालकांसमोर प्रश्न विचारावेत आणि उत्तरं लेखी घ्यावीत. नीटचा निकाल साधारण जूनमध्ये लागतो, कैरोचे वर्ग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात. मधले तीन महिने सध्या व्हिसाच्या रांगेत आणि कपडे शिवण्यात जातात.