पेटीतल्या कार्डांवरच्या इमारती

रमजान जवळ आला की घरोघरी साफसफाई निघते. भिंतींना रंग लागतो, माळे रिकामे होतात आणि जुन्या वह्या, ईद कार्डे, लग्नपत्रिका, खतांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. त्या गठ्ठ्यात एखादे चित्राचे पोस्टकार्डही असते. एका बाजूला जुन्या इमारतीचा फोटो, दुसऱ्या बाजूला आजोबांच्या हातच्या उर्दूतल्या चार ओळी. उर्दू वाचणारे घरात कुणी उरलेले नसेल, तर कार्ड कशाचे हे न पाहताच ते किलोच्या भावाने जाते. या वेळी आम्हाला त्या कार्डांबद्दल बोलायचे आहे.

पोस्टकार्डाची सुरुवात १८६९ मध्ये ऑस्ट्रियात झाली. आपल्या देशात ते १ जुलै १८७९ रोजी आले. किंमत पाव आणा, म्हणजे तेव्हाचा एक पैसा. पुढे शतक संपता संपता चित्रांची कार्डे निघाली आणि ताजमहाल, चारमिनार, बोरीबंदरचे स्टेशन घरोघरी पोहोचले. मुंबईची क्लिफ्टन अँड कंपनी अशी कार्डे छापून विकत असे. दिल्लीच्या चांदनी चौकातील एच. ए. मिर्झा अँड सन्स या मुस्लिम छायाचित्रकारांच्या पेढीने दिल्लीच्या इमारतींबरोबर मक्का-मदिनेची छायाचित्रेही लोकांपर्यंत नेली. ज्यांना हजला जाणे परवडत नव्हते, त्यांच्यासाठी काबा शरीफचे ते चित्र किती मोलाचे असेल, याचा विचार करा.

अशा कार्डांचा खरा उपयोग इमारत गेल्यावर कळतो. न्यूयॉर्कमध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेशन नावाचे भव्य रेल्वे स्थानक १९१० साली उघडले. उंच दगडी खांब, काचेच्या छताचे दालन. त्याची असंख्य कार्डे निघाली. १९६३ मध्ये ते पाडायला सुरुवात झाली. लोक इतके हळहळले की १९६५ मध्ये त्या शहराने ऐतिहासिक इमारती जपण्याचा कायदा केला. स्टेशन काही परत आले नाही. आज ते कसे होते हे पाहायचे तर जुने फोटो आणि कार्डेच उघडावी लागतात. अमेरिकेत अशा इमारतींची कार्डे जमवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत.

आपल्या जवळचे उदाहरण मक्केचे. मस्जिदे हरमच्या शेजारच्या टेकडीवर तुर्कांच्या काळातला अजयाद किल्ला होता. तो २००२ मध्ये पाडला गेला. आज तिथे उंच मनोरे आहेत. मुंबईहून जहाजाने हजला गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता. त्यांनी आणलेल्या एखाद्या कार्डावर तो अजूनही उभा असेल.

आता आपल्या जालन्याकडे वळू. जुन्या कार्डांत दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा शोधले की सापडतात, कारण पाहुणे आणि साहेबलोक तिकडे जात. निजाम सरकारने १९३१ मध्ये टपाल तिकिटे काढली, त्यांत चारमिनार होता, अजिंठ्याच्या लेण्यांचे दार होते, बिदरचा मदरसा होता, एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा चाँद मिनार होता. जालना त्या यादीत नव्हते. म्हणून जालन्याच्या इमारतींची जुनी कार्डे सहजी हाती लागत नाहीत.

इमारती मात्र होत्या आणि आहेत. काळी मशीद जमशेदखानाने १५७८ मध्ये बांधली. सराई, हमाम आणि मोती तलाव हेही त्याच्याच नावाशी जोडले जातात. जालन्याची गढी १७२५ ची, काबिलखानाने बांधलेली. याशिवाय भोकरदन, अंबड, परतूर या गावांतले जुने दरवाजे, बारवा, दर्गे, वाडे वेगळेच.

यातले रोज काही ना काही बदलते आहे. नमाजींची संख्या वाढली की मशीद वाढवावी लागते. जुन्या दगडावर फरशी बसते, लाकडी खांब जाऊन काँक्रीटचे येतात. यात गैर काही नाही, गरज आहे. पण काम सुरू होण्याआधी एक फोटो काढून ठेवावा हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. दहा वर्षांनी मुले विचारतात, “आधी कशी होती?” तेव्हा प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. आमची मशीद कमिट्यांना आणि मुतवल्लींना विनंती आहे, की पहिली कुदळ पडण्याआधी चारही बाजूंचे, मेहराबीचे आणि शिलालेखाचे फोटो काढावेत.

घरातल्या कार्डांचे काय करावे, तेही सांगतो. कार्ड सापडले की आधी मागची बाजू पाहा. मध्ये उभी रेघ असेल, म्हणजे एका अंगाला मजकूर आणि दुसऱ्या अंगाला पत्ता, तर ते साधारणपणे १९०२ नंतरचे. इंग्लंडने ही पद्धत त्या वर्षी सुरू केली, अमेरिकेने १९०७ मध्ये. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहीत, मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. तिकिटावर कोणत्या राजाचे चित्र आहे आणि टपालाच्या शिक्क्यात कोणती तारीख आहे, तेही पाहा. म्हणूनच तिकीट कधीही सोलून काढू नये. तिकीट काढले की कार्डाचे वयच हरवते.

कार्डाला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. पत्र्याच्या छताखालच्या लोखंडी पेटीत उन्हाळ्यात कागद करपून तुकडे पडतात, पावसाळ्यात बुरशी धरते. कोरड्या, अंधाऱ्या कपाटात, कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून नातलगांना पाठवा. मजकुरात घरच्या खासगी गोष्टी असतील, तर फक्त चित्राची बाजू पाठवा.

विकत घेण्याची हौस असेल तर मुंबईच्या चोर बाजारात अशी कार्डे मिळतात. मात्र जुन्या कार्डांच्या नव्या नकलाही बाजारात असतात. कागद फार गुळगुळीत आणि पांढरा असेल, भिंगाखाली सारखे ठिपके दिसत असतील, तर घाई करू नये. घरखर्चाला कात्री लावून तर मुळीच घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे काम बिनखर्चाचे आहे. दादी, नानी, मोठे अब्बा यांच्यासमोर एकेक कार्ड, एकेक फोटो ठेवा आणि विचारा. इमारत कोणती, गाव कोणते, शेजारी कोण उभे आहे. ते जे सांगतील ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून कार्डासोबत ठेवा. कार्डावरच लिहायचे तर मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. सांगणारी माणसे आज आपल्या घरात आहेत. हे काम या रमजानच्या सफाईतच करा, पुढच्या वर्षावर टाकू नका.