‘घरच्यासारखी’ म्हणजे बिनपगारी



समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला शेवटी दोन महिने एखाद्या संस्थेत पूर्णवेळ काम करावं लागतं. त्याला आता सगळे इंटर्नशिप म्हणतात. मला पुण्यातली एक युवा नृत्यसंस्था मिळाली. वस्तीतल्या मुलामुलींना नाच शिकवायचा, त्यातून त्यांना धीट करायचं, हे संस्थेचं काम. ते काम चांगलं आहे, हे आधीच सांगते. घरी मान वर न करणाऱ्या मुली तिथे मोकळ्या अंगाने नाचताना मी पाहिल्या आहेत. म्हणूनच हे लिहायला मला वेळ लागला.

वयात आल्यावर मुली नाच का सोडतात, हा माझा अभ्यासाचा विषय ठरला होता. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला काय आलं? उसवलेले घागरे शिवणं, घुंगरू ओवणं, पोशाख धुऊन इस्त्री करणं, तालमीचा चहा, आणि रात्री साडेनऊला तालीम सुटली की सात मुलींना घरोघरी पोचवणं. माझ्याच वर्गातला एक मुलगा त्याच संस्थेत होता. त्याच्याकडे ध्वनियोजना, कार्यक्रमांची आखणी आणि देणगीदारांशी बोलणी. त्याला महिन्याला तीन हजार रुपये मिळत, मला काही नाही. मी विचारलं, तेव्हा संस्थाचालक ताई हसून म्हणाल्या, “अगं, त्याला बाहेर फिरावं लागतं. तू तर आमच्या घरच्यासारखी!”

त्या संस्थेत सगळेच दादा आणि ताई. त्यांतले एक ज्येष्ठ नर्तक दादा. मी मुलींबरोबर तालमीत उभी राहिले की “ठेवण चुकतेय” म्हणत ते माझ्या कमरेवर हात ठेवायचे. नाच शिकवताना हात लागतो, हे मला कळतं. शिकवणारा हात कोणता आणि रेंगाळणारा कोणता, हेही कळतं. तक्रार कुठे करायची, समिती आहे का, असं मी ताईंना विचारलं. “समित्या ऑफिसात असतात. आपण कुटुंब आहोत. मी बोलते दादाशी.” कॉलेजातल्या मार्गदर्शक बाईंनीही समजावलं, “एवढं ताणू नकोस. तुझा शेरा त्यांच्याच हातात आहे.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पैसे नाकारताना आणि तक्रार दाबताना शब्द एकच वापरला गेला: घर. घरात बाईच्या कामाला मोल नसतं आणि घरातली गोष्ट बाहेर न्यायची नसते. संस्थेने माझ्यासाठी नेमकं तेच घर उभं केलं होतं.

माझ्या अभ्यासाचं उत्तरही तिथेच मिळालं. मुलींना सोडायला जाताना त्यांच्या आयांशी बोलत होते. “नाच वाईट नाही हो, पण आता मोठी झाली. मी कामाला गेल्यावर धाकट्याला कोण बघणार, स्वयंपाक कोण करणार?” पोरींचा नाच सुटतो तो बिनपगारी घरकामापायी. आणि त्यांना नाचाकडे परत आणण्यासाठी झटणारी संस्था दुसऱ्या एका मुलीला तेच बिनपगारी काम लावते!

कायदा काय म्हणतो ते पाहू. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवकही येतात, मोबदला मिळो न मिळो. स्वयंसेवी संस्था आणि न्यासही त्यात येतात. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. मी ती स्थानिक समितीकडे केली आहे.

हा कायदा कुणाच्या लढ्यातून आला, हेही विसरू नये. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवीवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. ती सरकारी महिला विकास कार्यक्रमातली साथिन होती. पगारदार नोकर नव्हे, मानधनावर राबणारी. त्यानंतर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ‘विशाखा’ निकाल दिला. म्हणजे ज्या बाईला कर्मचारी मानलं गेलं नाही, तिच्यामुळे आपल्या सगळ्यांना हे संरक्षण मिळालं.

सरकारही आपल्याला ‘सेविका’ आणि ‘स्वयंसेविका’ म्हणतं आणि हातावर मानधन टेकवतं. अंगणवाड्या १९७५ साली सुरू झाल्या. तिथल्या बायकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला २०२२ साल उजाडलं.

आता एक कडू प्रश्न आपल्यालाच. आपल्या संघटनांत, मेळाव्यांत चहा कोण करतं, सतरंज्या कोण घालतं, रात्री जागून पाकिटं कोण भरतं? कॉलेजातून आलेल्या मुली. त्यांना आपण काय देतो? कौतुक आणि प्रमाणपत्र. “चळवळ म्हणजे कुटुंब” हे वाक्य आपल्याही तोंडी आहेच. ज्या मुलीच्या घरून बसभाडंही मिळत नाही, ती अशा चळवळीत किती दिवस टिकणार?

मला अखेर प्रमाणपत्र मिळालं. त्यावर ‘सेवाभावी वृत्ती’ असं लिहिलं आहे. मी सेवा करायला गेले नव्हते, शिकायला आणि काम करायला गेले होते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. कामाचं स्वरूप पहिल्या दिवशी लेखी द्या. मुलगा असो वा मुलगी, प्रवासखर्च आणि मानधन सारखं द्या. चहा, शिवण आणि पोचवणं यांची पाळी सगळ्यांनी घ्या. समितीतल्या सदस्यांची नावं भिंतीवर लावा. कॉलेजांनीही हे तपासल्याशिवाय कुठल्याही संस्थेत मुली पाठवू नयेत. आणि या चार गोष्टी इतरांकडे मागण्याआधी, पुढच्या बैठकीत आपल्याच गटात विचारा.

– एक विद्यार्थिनी, पुणे