मनोविकारतज्ज्ञाची पारख : एक भाषिक प्रश्न

मनोविकारतज्ज्ञ आपल्याला मानवतो की नाही हे कसे ठरवावे, या प्रश्नात निवडीची मुभा गृहीत धरलेली असते. शहापूर-मुरबाडच्या रुग्णाला ती क्वचितच मिळते. शहापूरकराने आसनगावला लोकल पकडावी. मुरबाडला रेल्वेच नाही, म्हणून एस.टी.ने कल्याण गाठावे. रोज बुडतो तो वेगळाच. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे, पण ‘याला ठाण्याला पाठवा’ या थट्टेने त्याची पायरी अवघड करून ठेवली आहे. मग जो भेटला तोच आपला डॉक्टर, अशी समजूत करून घेतली जाते. ती समजण्याजोगी असली तरी मला मान्य नाही.

या भागातली एखादी बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा म्हणत नाही. छातीत धडधडते, हातापायांत त्राण नाही, कशात जीव रमत नाही, असे ती सांगते. निदान हे या बोलण्याचे भाषांतरच असते. आणि चांगला भाषांतरकार मूळ वक्त्याला पुन्हा विचारून घेतो, ‘तुम्हाला हेच म्हणायचे आहे ना?’ माझ्या मते पारख करायची ती इथे. ‘देवराई’ (२००४) या चित्रपटातील शेषचा स्किझोफ्रेनिया गावच्या देवराईच्या प्रतिमांतून बोलतो. त्या राईत केवळ लक्षण पाहणारा डॉक्टर औषध बिनचूक देईलही, पण शेष त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाईल का?

मात्र गोड बोलणे म्हणजे ऐकणे नव्हे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मोजकेच बोलणारा डॉक्टरही नेमके ऐकत असतो. शिवाय नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत डॉक्टरला नापास करणे अन्यायाचे. पण ‘हे औषध कशासाठी, त्याचा त्रास काय होईल?’ या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्याविषयी शंका घ्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आजाराचे स्वरूप, उपचार आणि दुष्परिणाम यांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क दिला आहे. कायद्यानेही भाषेचा उल्लेख करावा, हे आपल्यासारख्या भाषेच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

डॉक्टर बदलायचा ठरलाच, तर गोळ्या मनाने बंद करू नयेत. जुने केसपेपर मागून घ्यावेत, तोही हक्क आहे. कोणती गोळी, किती मात्रेत, किती दिवस चालली हे नव्या डॉक्टरला त्यावरूनच कळते.