‘पित्त’ या एका शब्दाच्या आड

आपल्या घराघरांतून पोटाच्या तमाम तक्रारींना एकच नाव आहे, ते म्हणजे पित्त. छातीत जळजळले की पित्त, सकाळी डोके चढले की पित्त, घास गिळताना अडखळला तरी पित्तच. आणि नाव एकदा सापडले की इलाजही घरातच सापडतात, मग कोणी थंड दूध घेतो, कोणी आवळासुपारी चघळतो, तर कोणी औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पाकिटे स्वतःच्याच अखत्यारीत वर्षानुवर्षे आणीत राहतो. या उपायांनी पुष्कळांना आराम पडतो, हे मी नाकारीत नाही. परंतु जो शब्द दहा निरनिराळ्या विकारांना सारखाच लागू पडतो, त्याच्या भरवशावर निदान किती काळ तहकूब राहू शकते, हे मी माझ्या थोरल्या मामांच्या आजारात जवळून पाहिले आहे.

मामा गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेत, आणि त्या गोळ्यांनी पोटात आग पडू लागली की त्यावर सोडा घेत. शौचाला डांबरासारखे काळे होते, ही गोष्ट त्यांनी संकोचापायी कोणाला सांगितली नाही. चार पायऱ्या चढताना त्यांना धाप लागते आणि नखे पांढरी पडली आहेत, हे मामींच्या ध्यानात आले, तेव्हा कुठे डॉक्टरांपर्यंत जाणे झाले. तेथे दुर्बिणीच्या तपासणीचे नाव निघताच मामा म्हणाले, “पोटात नळी घालून घेण्यापेक्षा मी आहे तसा बरा.”

या भीतीला इतिहासाचा आधार आहे, म्हणून तिची हेटाळणी करणे मला अन्यायाचे वाटते. 1868 साली जर्मनीत कुसमौल यांनी जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा नळी सरळ आणि ताठ असल्यामुळे त्यांना तलवार गिळणाऱ्या कसरतपटूचे साहाय्य घ्यावे लागले होते. पुढे 1954 मध्ये हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या जुडग्यातून, ते जुडगे वाकवले तरीही, प्रतिमा नेता येते हे लंडनमध्ये सिद्ध केले. त्या शोधाचा धागा पकडून हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत लवचीक दुर्बीण तयार केली, आणि 1957 साली ती रुग्णाच्या घशात घालण्यापूर्वी स्वतःच्या घशात घालून पाहिली. आजच्या दुर्बिणीच्या टोकाशी चिमुकला कॅमेराच असतो, आणि तिची जाडी साधारणतः करंगळीएवढी असते.

पुढे मलाही ही तपासणी करून घ्यावी लागली. सहा-आठ तासांचा उपवास, घशात मारलेला कडू फवारा, त्याने जड झालेली जीभ, डाव्या कुशीवर निजवून दातांत दिलेले प्लॅस्टिकचे कडे, दोन-तीन उमासे, गालावरून ओघळणारी लाळ, आणि कानाशी “श्वास घेत राहा” असे सांगणारी परिचारिका. पाच-सात मिनिटांत सारे आटोपले. त्रास होतो, तो होत नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल; पण गुंगीचे इंजेक्शन घेता येते, आणि रक्तस्राव किंवा छिद्र पडणे यांसारखे धोके विरळा असले तरी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते समजावून घेण्याचा आपला हक्क आहे.

अखेर मामांचीही तपासणी झाली, तेव्हा दिसले की त्यांच्या जठराच्या पलीकडे, लहान आतड्याच्या आरंभी, व्रण होता आणि त्यातून रक्त झिरपत होते. ज्या दुर्बिणीने तो दिसला, तिच्याच पोकळीतून बारीक चिमटा सरकवून रक्तवाहिनी तेथल्या तेथे बंद केली गेली. पोटाला छेद नाही, टाका नाही. याच मार्गाने यकृताच्या रोगात अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांना रबरी कडी बांधता येतात, पित्तनलिकेत अडकलेला खडा काढता येतो, आणि खालच्या बाजूने मोठ्या आतड्यातील कोंब, कर्करोगात त्याचे रूपांतर होण्याआधीच, तारेच्या फासाने कापून घेता येतो.

मामांच्या जठराचा तुकडा काढून तपासायला पाठवला, हे ऐकताच घरात रडारड झाली. तुकडा काढला म्हणजे कर्करोगच, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. वस्तुतः तो तांदळाच्या कणीएवढा असतो आणि काढताना वेदनाही होत नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थच्या वॉरन यांना जठरातील वळणदार जंतू अशाच तुकड्यांत दिसले, त्यांचे सहकारी मार्शल यांनी 1984 मध्ये ते जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, आणि अल्सर म्हणजे केवळ चिंतेचे व तिखटाचे फळ, हा समज मोडीत निघाला. 2005 चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. मामांच्या तुकड्यातही तेच जंतू निघाले. 14 दिवसांची औषधे झाली, वेदनाशामक गोळ्या बंद झाल्या.

प्रत्येक ढेकरेसाठी दुर्बीण घालावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. तरुण माणसाची साधी जळजळ बहुधा औषधाने आणि पथ्याने शमते. परंतु घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, काळे शौच, रक्तक्षय, किंवा उतारवयात प्रथमच उद्भवलेला पोटाचा त्रास, यांपैकी काहीही असेल तर एक दिवसाचीही दिरंगाई करू नये. आणि डॉक्टरांकडे माझी कळकळीची मागणी आहे, की तपासणीनंतरचा तो इंग्रजी कागद फायलीत घालून देण्यापूर्वी, त्यावरच्या रंगीत छायाचित्रांवर बोट ठेवून, हे जठर, हा व्रण, येथून तुकडा घेतला, एवढे तरी रुग्णाला मराठीत सांगावे. मामांना ते एका तरुण डॉक्टरणीने सांगितले होते. त्यानंतर पुन्हा तपासणीची तारीख आली, तेव्हा मामा आदल्या रात्रीपासून उपाशी राहून सर्वांच्या आधी तयार होऊन बसले होते.