निवेदन : जुन्या लाकडी घरांच्या दुरुस्तीला नव्या इमारतीचे निकष लावू नयेत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेश

विषय : असीरगड व बुऱ्हाणपूर परिसरातील लाकडी सांगाड्याच्या घरांची दुरुस्ती

महोदय,

असीरगडाच्या पायथ्यापासून बुऱ्हाणपूरच्या जुन्या मोहल्ल्यांपर्यंत सागवानी खांब-तुळयांची जी घरे उरली आहेत, त्यांत छताचा भार खांबांवरून दगडी तळखड्यांवर उतरतो; मधली भिंत बहुतेक वेळा नुसती भर असते. नव्या इमारतीच्या परवानगीमागे मात्र भार पेलणारी भिंत किंवा सिमेंट काँक्रीटचा सांगाडा गृहीत असतो. कुजलेल्या खांबाचे बूड बदलायला निघालेल्या मालकाकडे समास अंतरे आणि काँक्रीटचे नकाशे मागितले, तर शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरात ते देता येत नाहीत. मग तो दुरुस्ती टाळतो, नाहीतर घर पाडतो. सुरक्षेसाठी केलेल्या नियमातून धोका वाढावा, हे आम्हाला मान्य नाही. म्हणून मूळ मापाची, मूळ साहित्याची दुरुस्ती हा परवानगीचा स्वतंत्र वर्ग मानावा. केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींत (2016) वारसा इमारतींसाठी वेगळे प्रकरण आहे आणि मुंबईत तशी नियमावली 1995 पासून आहे, तेव्हा ही मागणी अपूर्व नाही.

यावर भूकंपाचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. 14 मार्च 1938 चा मोठा धक्का याच सातपुडा पट्ट्यात बसला होता. पण 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत माणसे दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. कित्येक घरांत भिंती ढासळल्या, तरी आतला खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. एवढ्यावरून लाकूड आपोआप सुरक्षित ठरत नाही. माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेले मातीचे थर आणि सैल झालेले सांधे हे खरे दोष आहेत, आणि ते दूर करता येतात. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक 4326 मध्ये विटांची भर असलेल्या लाकडी चौकटीचे नियम दिलेलेच आहेत. अभियंत्याने त्या कसोटीवर घर तपासावे, छत हलके करून सांध्यांना लोखंडी पट्ट्या बांधायला सांगावे, आणि तेवढ्यावर परवानगी द्यावी. लाकडाभोवती सिमेंटचा गिलावा चढवण्याची अट तर मुळीच नको. त्यात ओल कोंडते आणि खांब आतून कुजतो.

आगीची भीतीही खरी आहे, पण ती जाड तुळईपेक्षा जुन्या वायरिंगची आणि अरुंद जिन्याची अधिक आहे. जाड सागवान वरून कोळसत जाते, मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलीमीटर, आणि आतला गाभा भार धरून राहतो; उघडे पोलाद मात्र 550 अंश सेल्सियसच्या आसपास निम्मी ताकद गमावते. तेव्हा वायरिंगची तपासणी आणि बाहेर पडायची मोकळी वाट यांची सक्ती करावी. ती आम्ही आनंदाने पाळू.

उरला गडाचा प्रश्न. असीरगड केंद्र-संरक्षित असल्याने त्याच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आहे, ते योग्यच. परंतु तोच प्राचीन स्मारक कायदा 16 जून 1992 पूर्वीच्या घरांच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची मुभा देतो. गावकऱ्याला हे सांगणारे आणि अर्ज भरून पुढे पाठवणारे कुणी तालुक्याच्या ठिकाणी नेमावे, आणि पावसाळ्यापूर्वी आलेल्या अर्जांचा निकाल पावसाळ्यापूर्वीच लागेल अशी मुदत आपल्या आदेशात घालावी, ही विनंती.

आपले,
असीरगड-बुऱ्हाणपूर परिसरातील मराठी भाषक घरमालक व रहिवासी